आधी बाकडं, मग मशीन

चिंचवड,
12 मे

चि. मुक्ता हिस,


तुझी यादी मिळाली. बेरीज 48,000 आणि तळाशी लाल पेनाने, 'मामा, हे 30,000त बसवून दे.' बसवून देतो, पण त्यासाठी निम्मी यादी खोडावी लागेल, आणि तू एकदाही न लिहिलेल्या काही गोष्टी वर चढवाव्या लागतील. टेबल सॉ आहे, बेंच ग्राइंडर आहे, बॅटरीवरचं ड्रिल आहे, भिंतभर हत्यारं टांगायचा तो भोकांचा बोर्डही आहे. बाकडं मात्र नाही. व्हाइस नाही. ट्यूबलाइटही नाही. हे व्हिडिओ बघून यादी केल्याचं लक्षण. तिथे बाकडं आधीच मांडलेलं असतं, म्हणून ते दिसत नाही.

तुला करायचंय काय, ते तू फोनवर सांगितलं होतंस: पुस्तकांची मांडणी, सायकलींची दुरुस्ती, ताईच्या गच्चीवरच्या कुंड्यांसाठी लोखंडी स्टँड. या तिन्ही कामांत वस्तू घट्ट धरून ठेवायला लागते, नीट दिसायला लागते आणि खरी मोजता यायला लागते. पहिला पैसा तिथे घाल. फिरणारी यंत्रं त्यानंतर, आणि तीही एकेका कामाने मागितली तरच.

बाकड्यापासून सुरुवात कर, कारण तेच तुझं पहिलं काम आहे. पाय लोखंडाचे करून घे. 40 बाय 40 बाय 5 मिलिमीटरचा अँगल मीटरला साधारण तीन किलो भरतो. किती मीटर लागेल ते काढलंस की वजन कळतं, आणि लोखंड किलोवरच मिळतं, तेव्हा दुकानात जाण्याआधी हिशेब तुझ्या हातात असेल. कापून वेल्डिंग करून द्यायला जवळचा ग्रिलवाला पुरे. वरची फळी 18 मिलिमीटर प्लायची. आठ बाय चारचा एक ताव लांबीत मधोमध कापून घेतला की आठ बाय दोनचे दोन तुकडे होतात. ते एकावर एक फेव्हिकॉलने चिकटवून स्क्रूने आवळ. दीड इंचाला किंचित कमी जाडीची, पुरेशी जड फळी तयार. खर्च आणखी कमी करायचा तर एखाद्या बिल्डरकडे सेंट्रिंगचा जुना प्लाय विचार. सिमेंट खरवडावं लागेल, खिळे शोधून काढावे लागतील, पण बाकड्याला रूप नकोच आहे. तुमच्या नाशकात अंबड-सातपूरकडे आयात मशिनरीच्या खोक्यांचं पाइनचं लाकूडही भंगारात येतं. ते घेताना फळीवरचा शिक्का बघ. एचटी म्हणजे लाकूड उष्णता देऊन किडमुक्त केलेलं, ते घ्यावं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नकोस.

बाकडं जड का हवं, हे तुला इंजिनियर असूनही सांगतो, कारण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बाकडी जमिनीत बोल्ट केलेली होती आणि तुला तो प्रश्न कधी पडला नसेल. रंधा किंवा कानस चालवताना तू जेवढा जोर लावतेस, तेवढाच बाकड्यालाही बसतो. बाकडं हललं की जोर हलण्यात जातो, आणि हत्याराची वाट सरळ राहत नाही. कानशीने घासलेली पट्टी मधे फुगते, कडांना उतरते. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना सुरुवातीला लोखंडाचा ठोकळा कानशीने सपाट करायला बसवतात, आणि पोरं वैतागतात. त्या ठोकळ्यापुढे उभं राहायला शिकलेला माणूस मी पुढे टूलरूममध्ये लगेच ओळखायचो. म्हणून भिंतीला दोन ब्रॅकेटनी बाकडं बांधून टाक, आणि खालच्या अँगलवर एक फळी टाकून तिथे जड सामान ठेव.

व्हाइस चार इंची घे, बिडाची. नवी मिळेल ती दीड-दोन हजारांच्या आसपास. तुझ्या यादीतल्या भोकांच्या बोर्डापेक्षा स्वस्त, आणि तुझ्यानंतरही टिकेल. बसवताना ती बाकड्याच्या पायाच्या बरोबर वर येऊ दे. स्क्रूने बसवू नकोस, आरपार बोल्ट आणि खाली मोठा वॉशर. मागचा, न हलणारा जबडा बाकड्याच्या कडेच्या थोडा बाहेर हवा, नाहीतर लांब पट्टी उभी धरायची वेळ आली की ती फळीवर आदळेल. आणि उंची: सरळ उभी राहा, हात कोपरात दुमडून मूठ हनुवटीला लाव, कोपर जिथे येईल तिथे जबड्यांचा माथा. तुझी उंची माझ्याहून कमी, तेव्हा बाजारातलं तयार बाकडं तुझ्या खांद्यांचं भजं करेल. पाय कापून आणायच्या आधी हे माप घे.

आता वीज. इथे काटकसर करायला गेलीस तर मी तुझ्या घरी चहासुद्धा घेणार नाही. तुमचं रो-हाउस जुनं आहे, गॅरेजमध्ये एक दिवा आणि एक पाच अँपिअरचा पॉइंट, तोही बहुधा हॉलच्या लाइनवरून ओढलेला. मुख्य बोर्डापासून गॅरेजला स्वतंत्र लाइन घे: अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा एमसीबी, आणि त्याच्या आधी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायरीला वाचवतो; अंगातून करंट गेला तर तोडणारा आरसीसीबी, आणि दोघांचं काम एक समजणारे वायरमन मी पुष्कळ पाहिलेत. अर्थिंग मीटरने मोजून घे, 'आहे हो ताई' यावर विश्वास ठेवू नकोस. सॉकेट बाकड्याच्या फळीच्या वर काढ, म्हणजे वायर पायांत येत नाही.

दिव्यांची लाइन मात्र हत्यारांच्या लाइनहून वेगळी ठेव. ग्राइंडरने एमसीबी पाडला आणि त्याच वेळी अंधार झाला, तर हातात अजून फिरणारी चकती असते. दोन एलईडी बॅटन पुरतील, पण एक तुझ्या समोर, बाकड्याच्या वर हवी. पाठीमागे दिवा असला की तू स्वतःच्याच सावलीत काम करतेस.

हे सगळं धरून 14-15 हजार गेले असतील, आणि भाऊजी विचारतील की मशीन कुठाय. त्यांना सांग मामा म्हणाला, अजून नाही.

हातहत्यारं नवीनच घ्यावीत असं नाही, पण पाने नवीन घे. तपारियाचा कारखाना तुमच्या सातपूरलाच आहे. त्यांचा आठ फिक्स पान्यांचा संच, 6-7 पासून 20-22 पर्यंत, सायकल आणि घरकामाला पुरतो. पेडलसाठी 15चा पातळ पाना वेगळा लागेल. पकड, दोन चांगले पेचकस, अर्ध्या किलोची बॉल पीन हातोडी, हॅकसॉ. हॅकसॉच्या ब्लेडचे दात पुढच्या दिशेला. पातळ पाइप कापताना इंचाला 32 दातांचं ब्लेड, भरीव पट्टीला 18 किंवा 24चं. कापताना निदान दोन-तीन दात धातूवर टेकलेले राहिले पाहिजेत, नाहीतर दात पाइपच्या कडेत अडकून तुटतात. कानस घेशील तेव्हा तिची मूठही त्याच दिवशी घे. बिनमुठीच्या कानशीचं टोक तळहातात घुसतं, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे, माझ्या हाताला नव्हे म्हणून लिहितोय.

मापाची हत्यारं थोडी पण खरी. एक फुटी स्टीलची पट्टी, 0.02 मिलिमीटरचा व्हर्निअर, आणि गुण्या. गुण्या दुकानातच तपासून घे: सरळ कडेच्या फळीला लावून एक रेघ मार, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मार. दोन्ही एकावर एक आल्या तर घे. फाकल्या तर गुण्याची चूक त्या फटीच्या निम्मी आहे. दुकानदार हसेल, हसू दे. पाणसळही अशीच फिरवून बघायची असते.

जुनी वस्तू कुठे घ्यावी हे तू विचारलंस. नाशकात भंगारवाले आहेतच, पण पुण्यात येशील तेव्हा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी माझ्याबरोबर चल. तिथे व्हाइस, ऐरणीचा तुकडा, क्लॅम्प, पटाशा, लोखंडी रंधे डोळसपणे घेता येतात. व्हाइसचा जबडा उघडून हलवून बघ, स्क्रूचे आटे मधे झिजलेले नसावेत, आणि बिडावर कुठे वेल्डिंगचा टाका दिसला तर ठेवून दे. बीड तडकून सांधलेलं पुन्हा तिथेच तडकतं. पान्याचा जबडा फाकलेला नको. विजेवरचं जुनं हत्यार मात्र अजिबात नको. आतलं इन्सुलेशन बाहेरून कळत नाही. कंपनीचं नाव आणि टोकन नंबर कोरलेली वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नकोस. ती कुणाच्या तरी टूलरूममधून डब्यात बसून बाहेर आलेली असते. गंजलेल्या पटाशीची मात्र भीती नको: रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडव, सकाळी घासून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू, वाळवून तेल लाव.

आणि आता तुझ्या आवडीचा भाग. ड्रिल घे, 13 मिलिमीटर चकचं, वायरवालं. बॅटरीचं नको, त्यात तू ड्रिलपेक्षा बॅटरीला जास्त पैसे मोजतेस, आणि दहा फुटांच्या गॅरेजात वायर कुठे आडवी येते? लोखंडासाठी एचएसएसची बिटं वेगळी ठेव, भिंतीची बिटं त्यांत मिसळू देऊ नकोस. आटे पाडायला एम6 आणि एम8चे टॅप पुरे. त्यांना भोक अनुक्रमे 5 आणि 6.8 मिलिमीटर. ड्रिलनंतर, स्टँडचं काम खरंच सुरू झालं की, चार इंची ग्राइंडर.

त्या ग्राइंडरबद्दल जरा थांबून वाच. तो मिनिटाला 11,000 फेरे मारतो. चार इंची चकतीची कड त्या वेळी तासाला 200 किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते, तुझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. आमच्या शॉपमध्ये एकाने 'गार्ड आड येतो' म्हणून काढून ठेवला होता. चकती फुटली आणि तुकडा त्याच्या कपाळात गेला. तो वाचला, डोळाही वाचला, पण गार्ड परत बसवायला त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती बघून घे. मुदत संपलेली चकती दुकानदार अर्ध्या भावात देतो, घेऊ नकोस. लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरला कधीही लावायची नाही, व्हिडिओत कुणी कितीही हसत लावत असला तरी. गॉगल, केस बांधलेले, ओढणी घरात. ड्रिल चालवताना हातमोजे नकोत, बिट मोजा ओढतं आणि मोज्याबरोबर बोट.

टेबल सॉ खोड. प्लायच्या दुकानात मापाप्रमाणे कापून मिळतो, त्यांची मोठी करवत तुझ्या छोट्या मशीनपेक्षा सरळ कापते. लेथचं काम टर्नरकडे. बेंच ग्राइंडरही खोड, पटाशी दगडावर पाजवायला शीक. वेल्डिंग मशीन पुढच्या वर्षी, आणि त्यासाठी वायरिंग पुन्हा बघावं लागेल. भोकांच्या बोर्डाच्या जागी एका जुन्या फळीला खिळे.

उरलेलं भरभर. शटरखालून पावसाचं पाणी येतं का ते पहिल्या सरीला बघ. पावसाळ्यात हत्यारांवर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरव. थिनर आणि रंग गॅरेजात ठेवायचे नाहीत. जवसाच्या तेलाने पुसलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाही, ती आपोआप पेटते, उलगडून बाहेर वाळत घाल. शेजारच्या आजींची आणि तुमची भिंत एकच आहे, दुपारी ग्राइंडर बंद. तुझ्या त्या अपार्टमेंटवाल्या मैत्रिणीला सांग, स्टिल्टखालच्या पार्किंगला पत्रे ठोकून वर्कशॉप करायच्या भानगडीत पडू नकोस. ती जागा इमारतीची सामाईक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच सांगितलंय. तिने तुझ्याकडे यावं.

हत्यारं, ड्रिल आणि ग्राइंडर धरून एकूण 24-25 हजार होतील. उरलेले पाच हजार खर्चू नकोस. मांडणी करताना दोन क्लॅम्प कमी पडतील, तेव्हा तुला नेमके किती इंची हवेत ते कळलेलं असेल.

गॅरेजच्या आतली लांबी-रुंदी, शटरची उंची आणि तुझ्या कोपराची उंची, तिन्ही मिलिमीटरमध्ये मोजून मला पाठव. अँगलचा हिशेब मी करून ठेवतो. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग, आणि गाडीला पावसाळ्यासाठी एक जाड कव्हर घ्यायला लाव. ते तुझ्या 30,000त नाही.

तुझा,
सुधामामा