ढाल असूनही कुवेत का पडला?

बराकपूरला गेल्या आठवड्यात चालू घडामोडींच्या चाचणीत मी एक प्रश्न घातला होता : आखाती सहकार्य परिषदेचे सदस्य देश लिहा. निम्म्याहून अधिक कॅडेट्सनी इराक लिहिला, दोघांनी तर इजिप्त. गल्लत कुठे होते ते लक्षात आले. अरब लीग ही १९४५ सालची, कैरोत मुख्यालय असलेली संघटना. तिचे २२ सदस्य असून इराक आणि इजिप्त त्यांत आहेत. परिषद मात्र सहाच देशांची : सौदी अरेबिया, कुवेत, बहारीन, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि ओमान.

इराक आखाताला लागून असून बाहेर का? तारखा पाहा. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, सप्टेंबर १९८० मध्ये इराक-इराण युद्ध पेटले आणि २५ मे १९८१ रोजी अबू धाबीत परिषद स्थापन झाली. दोन दांडग्या शेजाऱ्यांच्या मारामारीत ही सहा राजघराणी एकमेकांना धरून उभी राहिली. गंमत अशी, की सनदेतील उद्दिष्टांत अर्थकारण, व्यापार, जकात, शिक्षण आहे. लष्कराचे नाव नाही. तरी १९८२ मध्ये संयुक्त फौज उभारायचे ठरले. तिचे नाव ‘द्वीपकल्प ढाल’.

त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ढाल होती तर १९९० साली कुवेत का पडला?”

मी क्षणभर थांबलो. २ ऑगस्ट १९९० ला माझे रत्नागिरीचे मामा कुवेतमध्येच सुतारकाम करत होते. आई दिवसभर रेडिओपाशी बसे. शेवटी ते बसने बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून एअर इंडियाने मुंबईला आले. त्या मोहिमेत सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परतले.

उत्तर सरळ आहे. ढाल काही हजार सैनिकांची, तीही सौदीत. समोर इराकचे लाखोंचे सैन्य. महत्त्वाच्या निर्णयांना सर्वांचे एकमत लागते. आणि एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला, असा संरक्षण करार तेव्हा झालेलाच नव्हता. तो मनामा येथे डिसेंबर २००० मध्ये झाला. कुवेत सुटला तो फेब्रुवारी १९९१ मध्ये, अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडीमुळे.

करारानंतरही सगळे आलबेल नव्हते. जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती आणि बहारीन यांनी कतारशीच संबंध तोडले, ते जानेवारी २०२१ मध्ये जुळले. त्यात मध्यस्थी कुवेतने केली.

मामा १९९२ साली पुन्हा कुवेतला गेले, त्याच मालकाकडे.