दोष रक्ताचा की वस्तीचा?

एखाद्या मुलाने चोरी वा मारामारी केली की आपल्या तोंडून दोनच निवाडे निघतात: ‘रक्तातच आहे’ किंवा ‘वस्तीच तशी आहे’. वाचकहो, या दोन्हींचा आपण क्रमाने विचार करू.

शिकागो शहरातील बालगुन्हेगारीवरील शॉ आणि मॅके या अभ्यासकांचा ग्रंथ १९४२ साली प्रसिद्ध झाला. शहराच्या काही दरिद्री भागांत एका देशातून आलेल्यांच्या जागी दुसऱ्या देशातील लोक राहू लागले, तरी गुन्ह्यांचे प्रमाण तेथे चढेच राहिले. अर्थात दोष कोणा वंशाचा नव्हता. तथापि एकाच गल्लीतील सर्वच मुले गुन्ह्याकडे वळत नाहीत. असे का?

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास दीर्घकाळ चालला आहे. त्यात सहभागी असलेल्या मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली असे मांडले की, बहुतेकांचे गैरवर्तन किशोरवयापुरतेच असते. थोड्यांचे मात्र बालपणीच सुरू होऊन पुढे टिकते. या थोड्यांच्या ठायी मेंदूच्या विकासातील सूक्ष्म उणिवा आणि घरची प्रतिकूल परिस्थिती एकत्र येतात. चिडखोर मूल थकलेल्या आईबापांचा मार खाते, माराने अधिक चिडते, शाळेत मागे पडते आणि अखेर टोळक्यात मान शोधते. २००२ साली याच गटातील मुलग्यांविषयी असे दिसले की, विशिष्ट जनुकाचा एक प्रकार असून ज्यांचा बालपणी छळ झाला, त्यांच्यात हिंसक वर्तन अधिक होते. छळ न झालेल्यांत तसे आढळले नाही. पुढील सर्वच अभ्यासांत हा परिणाम सारखा दिसला नाही. म्हणून एका जनुकावर खापर फोडणे योग्य नव्हे.

आपल्या देशात या प्रश्नावर मुलांचे भवितव्य अवलंबून आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १५ नुसार, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळाने त्याची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती पाहावयाची असते. त्यानंतरच त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा की नाही हे ठरते. शरीर, मन आणि समाज यांपैकी एकच पाहिले, तर निर्णय अपुरा राहतो.

जन्मतः लाभलेला स्वभाव आपल्या हाती नाही. परंतु त्या स्वभावाला घरात मार मिळावा की धीर, हे आपल्याच हाती आहे.