मोडाच्या नाचणीची पेज पातळ का होते?

प्रश्न : आमच्या बचतगटातल्या बायका दिवाळीनंतर नाचणीला मोड आणून सत्त्व करतात आणि महाडच्या बाजारात विकतात. एका प्रशिक्षणात ऐकलं, की म्हैसूरला खाद्यपदार्थांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथे आमच्या नाचणीवर कुणी काही केलंय का, की नुसती बिस्किटं आणि डबाबंद पदार्थच? शिवाय एक शंका आहे. मोडाच्या पिठाची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळच राहते. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही भेसळ करता. आमचं काय चुकतं?
– एक वाचक, ता. पोलादपूर

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाही. पेज पातळ होते हाच त्या पिठाचा गुण आहे. म्हैसूरच्या संस्थेने नाचणीवर काय केलं, याचं निम्मं उत्तरही त्या पातळ पेजेतच आहे.

साधं पीठ पाण्यात शिजवलं की त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि पेज दाटते. मोठ्या माणसाचं त्यात काही अडत नाही, पण आठ महिन्यांच्या बाळाला ती गिळवत नाही. मग आई त्यात पाणी घालते. पेज गिळण्याजोगी होते, बाळाचं एवढंसं पोट भरतं, पण पोटात जातं ते बहुतेक पाणीच. मूल दिवसभर खातं तरी अंग धरत नाही, याचं हे एक साधं कारण.

दाणा मोडावला की त्यात अमायलेज नावाचं विकर वाढतं. कोंबाला पोसण्यासाठी ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून त्यांची साखर करतं. असं पीठ शिजवताना पाणी तापत जातं, तसं हे विकर कामाला लागतं आणि पेज दाटूच देत नाही. म्हणजे वाटीत पीठ जास्त घालता येतं, तरी पेज पातळच राहते. म्हैसूरच्या मल्लेशी आणि देसिकाचार या शास्त्रज्ञांनी 1982 साली मोडाची नाचणी आणि मोडाचे मूग यांपासून केलेल्या शिशुआहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच मुद्द्यावर. मूग का, तर नाचणीत प्रथिनं शंभर ग्रॅमला सात-साडेसात ग्रॅम, भाताच्याच पंगतीतली, आणि त्यांत लायसिन कमी. ते मूग भरून काढतात. मोडाला नाचणीच बरी, याचंही कारण त्यांना दिसलं होतं. इतर भरडधान्यांच्या मानाने तिच्या मोडांत विकराचा जोर चांगला असतो आणि मोड येताना तिला बुरशीही कमी धरते. पुढे वडोदऱ्याला तारा गोपालदास यांनी हीच गोष्ट आणखी सोपी करून दाखवली. नेहमीच्या दाट पेजेत मोडाचं पीठ चिमूटभर टाकायचं, बस्स.

हे गिऱ्हाइकासमोर करून दाखवा. साध्या नाचणीची दाट पेज शिजवून खाली उतरवा. बोटाला चटका बसेल पण वाफांचा लोट थांबलेला असेल, इतकी निवू द्या. मग मोडाचं पीठ चमचाभर गार पाण्यात कालवून त्यात ढवळा. थोड्याच वेळात पळीवरून तुटून पडणारी पेज धारेने पडायला लागते. भेसळीची तक्रार तिथेच मिटेल. लहान मुलाला द्यायची असेल तर मात्र नंतर पुन्हा एक उकळी काढा.

आता दोन गोष्टी सांभाळा, कारण हे विकर नाजूक आहे. पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकलं तर काम करण्याआधीच ते मरतं. म्हणून गार पाण्यात कालवून मंद आचेवर चढवायचं. दुसरी गोष्ट भाजण्याची. वास खमंग यावा म्हणून मोडाची नाचणी लालसर होईपर्यंत भाजायची आपल्याकडे हौस असते. त्या भाजण्यात चव येते, पण विकर जातं. कडक वाळवा, मुळांचे केस चोळून पाखडून काढा आणि भाजायचंच तर फक्त कोमट कढईत परता. आणि पावसाळ्यात हा उद्योग करूच नका. ढवळी-कामथीच्या खोऱ्यांत त्या दिवसांत जी ओल असते, तिच्यापुढे नाचणीचाही टिकाव लागत नाही. दिवाळीनंतरचा तुमचा मुहूर्त अगदी बरोबर आहे.

नाचणीचं गुणगान हल्ली जरा जास्तच चाललंय. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून तर पाकिटापाकिटावर चमत्कार छापलेले दिसतात. खरं तेवढं घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत नाचणीत शंभर ग्रॅमला 344 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास असतं. हा फरक मोठाच. पण ‘मोड आणल्याने कॅल्शियम वाढतं’ हे खोटं. भिजवायच्या पाण्यात नसलेलं कॅल्शियम दाण्यात येणार कुठून? मोडांनी होतं ते एवढंच, की कॅल्शियम आणि लोह अडकवून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि आहे त्यातलं जास्त अंगी लागतं. शिवाय बरंच कॅल्शियम दाण्याच्या सालीत असतं. सत्त्व वस्त्रगाळ केलं की ते फडक्यावरच्या चोथ्याबरोबर जातं. काही घरांत मोड न आणता नाचणी नुसती भिजवून वाटतात, गाळतात आणि तळाचा साका वाळवतात. दिसायला देखणा, पण तो मुख्यतः स्टार्च. मोडाच्या पिठाचं काम त्याने होत नाही, आणि दोन्ही पाकिटांवर ‘सत्त्व’च लिहिलेलं असतं, ही पंचाईत. सहा महिन्यांच्या बाळाला वस्त्रगाळ ठीक, मोठ्यांना चाळणीचं पीठ द्या.

आता संस्थेविषयी. नाव मोठं आहे, केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची ही प्रयोगशाळा 21 ऑक्टोबर 1950 रोजी सुरू झाली, तीही एका राजवाड्यात. म्हैसूरच्या राजघराण्याने राजकन्येसाठी बांधलेला चेलुवांबा वाडा तिला मिळाला. आपले लोक म्हैसूरला जातात, मोठा राजवाडा आणि वृंदावन बाग पाहून परततात, या वाड्यासमोरून मात्र बस न थांबताच जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले व्ही. सुब्रह्मण्यन पहिले संचालक. देश नुकता दुष्काळ पाहून उठला होता, त्यामुळे सुरुवातीचा भर स्वस्त प्रथिनांवर. शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचं पीठ यांत जीवनसत्त्वं मिसळून केलेलं ‘बहुउद्देशीय अन्न’ तेव्हाचंच. लोकांनी ते फारसं आपलंसं केलं नाही. पेंड म्हटलं की गुरांचीच आठवण होणार! गाजलं ते मात्र अमूलचं बेबीफूड. म्हशीच्या दुधाचं तान्ह्याच्या पोटात घट्ट दही होतं, म्हणून त्याची पावडर बाळाला चालणार नाही, असं मानलं जाई. म्हैसूरकरांनी दुधावर प्रक्रिया करून ते दही मऊ करायची रीत 1950च्या दशकात शोधली आणि आणंदच्या सहकारी संघाने ती उचलली.

नाचणीचं दुसरं काम मल्लेशींचंच. नाचणीचा भात का करता येत नाही? दाणा मोहरीएवढा, साल घट्ट चिकटलेली आणि आतला गर ठिसूळ, त्यामुळे सडायला गेलं की पीठच होतं. त्यांनी ती भिजवून, वाफवून, वाळवली. गर कडक झाला आणि मग साल काढता आली. उकड्या तांदळाचीच ही रीत, कोकणाला नवी नाही. हा दाणा पाचेक मिनिटांत शिजतो. सालीबरोबर कॅल्शियम इथेही जातं, हे मात्र विसरू नका.

तुम्हाला म्हैसूर गाठायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात किल्ला-रोह्याला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची काढणीपश्चात तंत्रज्ञानाची संस्था आहे आणि तिथेच कृषी विज्ञान केंद्रही. वाळवणी यंत्र, पॅकिंग, पीठ किती दिवस टिकेल याची तपासणी, यासाठी आधी त्यांचं दार वाजवा. यंत्रासाठी 2020 साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून 35 टक्के अनुदानाची तरतूद आहे. सध्या काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.

राहिलं तुमचं पाकीट. विक्रीसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी तर लागेलच. पण बहुतेक गट नकळत एका कायद्यात अडकतात. शिशुआहाराबाबतच्या 1992च्या कायद्यानुसार, आणि 2003च्या दुरुस्तीनंतर तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कुठल्याही आहाराची जाहिरात करता येत नाही, आणि अशा आहाराच्या पाकिटावर बाळाचं किंवा आईचं चित्र चालत नाही. बाळांसाठी म्हणून विकायचं, तर त्याचे निकषही वेगळे आणि बरेच कडक आहेत. तेव्हा गुटगुटीत बाळाचं चित्र आधीच छापून घेतलं असेल, तर ती पाकिटं बाजूला ठेवा. नव्या पाकिटावर ‘मोडाच्या नाचणीचं पीठ’ एवढंच लिहा, आणि खाली शिजवायची रीत : गार पाण्यात कालवा, मंद आचेवर ढवळा, पेज पातळ होईल.