मान आणि मान्यता



बाजार समितीत पोते पाठीवर घेणाऱ्या माणसाला आपण ‘ए हमाल’ अशी हाक मारतो. त्यालाही नाव असते, हे विसरतो. घरी पार्सल आणून देणाऱ्या मुलाचेही तेच. म्हणून मालवाहतुकीतल्या कामगाराची मागणी नुसत्या मजुरीची नसते, ती मानाची असते.

हा धडा मलकापूरवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच शिकवला गेला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी तेथे दाखवून दिले, की अस्पृश्याला रेल्वेत गँगमन म्हणून घेत, पण पोर्टर म्हणून घेत नसत. का? पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामेही करावी लागत आणि तेथे विटाळ आडवा येई! ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, असे त्यांनी त्या परिषदेत बजावले.

आता एक फरक नीट समजून घ्यावा. १९२६ च्या कायद्याने सात कामगारांना संघटनेची नोंदणी करता येऊ लागली. पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे, असे बंधन नव्हते. नोंदणीने नाव मिळते, मान्यतेने मालकासमोर बसायला खुर्ची मिळते. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ मध्ये सक्तीच्या मान्यतेचे विधेयक मांडले. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली, पण अमलात आलीच नाही.

महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मंडळाच्या वहीत हमालाचे नाव चढले. मजुरी, भविष्य निर्वाह निधी यांचा हिशेब मंडळाकडे आला. मी बँकेत कारकून आहे. ज्याचे नाव वहीत नाही, त्याला हक्क मागायला खिडकीच नसते, हे रोज पाहतो.

१९७१ च्या राज्य कायद्याने मान्यतेसाठी ३० टक्के सभासद मागितले. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता अनेक संघटना असल्यास एकमेव वाटाघाटी संघटनेसाठी ५१ टक्के मागते. गावोगाव विखुरलेल्या, एकमेकांना न भेटणाऱ्या पार्सलवाल्यांनी एवढी संख्या कशी जमवावी? हा आजचा प्रश्न आहे.

विद्यार्थ्यांनो, घरातल्या थोरांनी कधी हमाली केली असेल, तर त्यांना जरूर विचारा, ‘तुमचे नाव कोणत्या वहीत होते?’