हिवाळ्यापूर्वी घराची सिद्धता

महाराष्ट्रातील हिवाळा हा सामान्यतः आल्हाददायक ऋतू मानला जातो. दुष्काळ, अतिवृष्टी, पूर यांच्या निवारणाचा जेवढा विचार ग्रामपातळीवर होतो, तेवढा थंडीच्या निवारणाचा होत नाही. कोकणपट्टीला समुद्राच्या सान्निध्यामुळे कडाक्याच्या थंडीचा त्रास क्वचितच होतो. परंतु खानदेश, नाशिक जिल्हा, मराठवाडा आणि विदर्भ या भागांतील वस्तुस्थिती वेगळी आहे. नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअस इतके खाली उतरले होते. पुणे येथे १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस अशी नोंद झाली आहे. निफाड परिसरातील शेतकऱ्यांना थंडीचा कडाका नवा नाही. सातपुड्यातील तोरणमाळ व डाब येथे आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी कडक थंडीच्या पहाटे दवबिंदू गोठून पांढरे झालेले दिसतात.

उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला, आकाश निरभ्र झाले आणि उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागले म्हणजे राज्यात थंडीची लाट येते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार, मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल व ते त्या काळातील सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी घटले असेल, तर ती थंडीची लाट समजली जाते. किमान तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी झाल्यास सरासरीचा विचार न करताही लाट आल्याचे मानण्यात येते. केंद्र शासनाने २०१२ मध्ये शीतलहरीचा समावेश मदतीस पात्र अशा आपत्तींमध्ये केला. तथापि, आपत्तीनंतरच्या मदतीपेक्षा आपत्तीपूर्वीची तयारी अधिक मोलाची असते. थंडीच्या बाबतीत ही तयारी घरापासूनच सुरू होते.

दिवसाची ऊब, रात्रीचा गारठा

काश्मीर किंवा लडाख यांसारख्या प्रदेशांत हिवाळ्यात दिवसाही तापमान अत्यंत कमी राहते. महाराष्ट्राच्या पठारावर तसे घडत नाही. ज्या पहाटे पारा ८ ते १० अंशांवर असतो, त्याच दिवशी दुपारी तो २६ ते २८ अंशांपर्यंत चढतो. याचा अर्थ असा की, आपल्याकडे निसर्ग दररोज पुरेशी ऊब विनामूल्य देत असतो. ती पहाटेपर्यंत टिकवून धरण्यात मात्र घर उणे पडते. म्हणून घर अधिक तापविणे हा येथील प्रश्न नाही. दुपारची ऊब घरात घेणे आणि ती बाहेर जाऊ न देणे, हाच हिवाळी सिद्धतेचा गाभा होय.

घरातील ऊब मुख्यतः तीन मार्गांनी निघून जाते: छपरावाटे, फटींवाटे आणि ओल्या किंवा पातळ भिंतींवाटे. पुढील उपाय याच क्रमाने पाहणे सोयीचे होईल.

छप्पर

निरभ्र रात्री छप्पर आपली उष्णता आकाशाकडे फेकत असते. पन्हळी पत्रा पातळ असल्याने त्यात उष्णता साठून राहत नाही. सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात तो बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. पहाटे घरातील माणसांच्या श्वासातील बाष्प त्याला लागून थिजते व त्याचे थेंब अंथरुणावर पडतात. पत्रा गळका आहे अशी अनेकांची समजूत होते. वास्तविक ते पाणी घरातलेच असते. ओली झालेली गोधडी ऊब देत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

यावरील सोपा उपाय म्हणजे पत्र्याखाली दुसरे छत करणे. पत्र्यापासून सुमारे एक वीत अंतर सोडून बांबूचा तट्टा बसवावा व त्यास खालच्या बाजूने शेणमातीचा गिलावा द्यावा. पत्रा व तट्टा यांमधील हवेचा थर उष्णता सहजासहजी जाऊ देत नाही. हाच थर उन्हाळ्यात पत्र्याची धग खाली उतरू देत नाही, म्हणून एकदा केलेला खर्च दोन्ही ऋतूंत उपयोगी पडतो. पेंढा किंवा पाचट मात्र पत्र्याखाली उघडे कोंबू नये; चुलीची एक ठिणगीही आग लागण्यास पुरेशी होते. विजेची तार तट्ट्यास चिकटून जात नाही ना, हेही पाहून घ्यावे.

कौलारू घरांत फुटलेली व सरकलेली कौले बदलावीत. धाब्याच्या किंवा माळवदाच्या घरांत पावसाने पडलेल्या भेगा व उंदरांची बिळे बुजवावीत. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. मातीचे जाड छप्पर उबदार असते हे खरे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात, दगडमातीच्या कच्च्या भिंतींवरील अशाच जड माळवदांखाली हजारो माणसे गाडली गेली. म्हणून थंडीसाठी माळवदावर मातीचे थर वाढवीत जाऊ नये. ऊब हवी असल्यास हलके छत खालून करणेच योग्य होय.

भिंती, फटी व दारे-खिडक्या

पावसाळ्यात भिजलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक उष्णता बाहेर जाऊ देते. पाऊस संपताच भिंतीच्या पायथ्याशी साचलेली माती व गवत काढून टाकावे, पागोळ्यांचे पाणी दूर जाईल अशी व्यवस्था करावी आणि दारे-खिडक्या उघडून घर वाळू द्यावे. मातीची भिंत ही गरिबीची खूण समजली जाते. परंतु ऊब साठविण्याच्या दृष्टीने ती उत्तम असते. सुमारे एक फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून उष्णता आरपार जाण्यास आठ-दहा तास लागतात. दुपारी तापलेली भिंत मध्यरात्री आतल्या खोलीला ऊब देते ती यामुळेच. विदर्भातील कुडाच्या घरांना ही जाडी नसते. तेथे पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या कुडाला दोन्ही बाजूंनी मातीचा जाड लेप देऊन वर सारवण केल्यास वारा अडतो.

फटींचा शोध घेण्यास यंत्र लागत नाही. वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती दाराच्या चौकटीजवळ, खिडकीच्या कडेने व भिंत आणि पत्रा मिळतात तेथे धरावी. धूर जेथे जोराने वाकतो, तेथून वारा आत येतो असे समजावे. पत्र्याच्या पन्हळींखाली राहिलेल्या पोकळ्या भुसा मिसळलेल्या चिखलाने बुजवाव्यात. दाराच्या खालच्या फटीशी वाळू किंवा भुसा भरलेली कापडी सुरळी रात्री ठेवावी. उत्तरेकडील खिडकीला तरटाचा दुहेरी पडदा लावावा. स्वयंपाकघरातील धूर जाण्याची वाट आणि झोपण्याच्या खोलीतील वरचा झरोका मात्र कधीही बंद करू नये. त्याचे कारण पुढे दिले आहे.

दक्षिणेचे ऊन

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरच्या आकाशात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. जूनमध्ये तोच जवळजवळ डोक्यावर येतो. दक्षिणेच्या खिडकीला लागून वर दीड फुटाचा छज्जा असेल, तर डिसेंबरच्या दुपारी त्याची सावली फक्त दीड फूट खाली उतरते व खिडकीच्या उरलेल्या भागातून ऊन घरात येते. जूनमध्ये हाच छज्जा खिडकीवर ऊन येऊ देत नाही. म्हणजे एकच खिडकी हिवाळ्यात उघडी व उन्हाळ्यात सावलीत राहते.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून अमलात आली. तिच्यात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. इतक्या लहान घरात खिडकी कोणत्या भिंतीत असावी याचा निर्णय आखणीच्या दिवशीच व्हावयास हवा. दिशा निवडण्यास पैसे पडत नाहीत. बांधून झाल्यावर भिंत फोडण्यास मात्र पडतात. ग्रामसेवक व अभियंत्यांनी आखणीच्या वेळी लाभधारकास एवढे सांगितले, तरी पुढील अनेक हिवाळ्यांची सोय होईल.

जुन्या घरातही दिनक्रम बदलून लाभ घेता येतो. सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत दक्षिणेच्या व पश्चिमेच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. गोधड्या, वाकळी व घोंगड्या उन्हात टाकून ऊन कलण्यापूर्वी घडी करून आत आणाव्यात. सूर्यास्तापूर्वी तासभर खिडक्या लावून घ्याव्यात. निजताना अंगावर जेवढे घालावयाचे, तेवढेच अंगाखालीही हवे. जमिनीवर तरट व त्यावर गोधडी अंथरावी. बाजेवर निजणाऱ्यांनी, खालून गार हवा लागत असल्याने, जाड वाकळ अंथरावी.

शेगडी: ऊब आणि धोका

थंडीच्या दिवसांतील सर्वांत मोठा धोका बहुधा थंडीतून नव्हे, तर थंडी घालविण्याच्या उपायातून उद्भवतो. दारे-खिडक्या घट्ट लावून खोलीत निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेले ठेवून निजण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. धूर नाही म्हणजे शेगडी निर्धोक, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात धगधगत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडत असतो. त्याला रंग नाही व वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जखडला जातो व शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे होत. परंतु झोपलेल्या माणसाला ती कळत नाहीत. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावल्यानेही हीच आपत्ती ओढवते.

नियम साधा आहे. शेगडी ऊब घेण्यासाठी आहे, निजण्यासाठी नाही. ती पेटवावयाची असल्यास अंगणात किंवा ओसरीवर पेटवावी आणि निजण्यापूर्वी निखारे पाण्याने विझवावेत. असे कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या उघडून त्यास मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

बाळंतीण, अर्भक आणि वृद्ध

बाळंतिणीच्या खोलीचे झरोके चिंध्यांनी बुजवून बाजेखाली निखारे ठेवण्याची रूढी ग्रामीण भागात अद्याप आढळते. हेतू मायेचा असला तरी आई व मूल या दोघांच्याही दृष्टीने ती घातक आहे. अर्भकाला सर्वोत्तम ऊब आईच्या अंगाची मिळते. मुलाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून दोघांवर एकत्र पांघरूण घालावे. डोक्यास टोपडे व पायांत मोजे असावेत, नाक व तोंड मोकळे राहावे. नवजात मुलाची पहिली आंघोळ किमान २४ तास पुढे ढकलावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचविले आहे. याच संघटनेने २०१८ मध्ये समशीतोष्ण व थंड प्रदेशांसाठी घरातील तापमान १८ अंशांखाली जाऊ नये, असे मार्गदर्शन केले. खोली किती उबदार हवी याचा अंदाज त्यावरून घेता येईल. वृद्धांना थंडी वाजत असल्याची जाणीव उशिरा होते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाची अंगणवाडी सेविकेने किंवा आशा कार्यकर्तीने सकाळी केलेली चौकशी अनमोल ठरते.

कोप्यांमधील कुटुंबे

घराच्या सिद्धतेचा विचार करताना ज्यांना घरच नाही त्यांचा विसर पडू नये. ऊसतोडीचा हंगाम हिवाळ्यातच भरात असतो. मराठवाड्यातून आलेली कुटुंबे लहान मुलांसह फडाजवळच्या कोप्यांत राहतात. कोपीचे तोंड उत्तरेस नसावे, आत जमिनीवर कोरड्या पाचटाचा जाड थर व त्यावर ताडपत्री असावी, दोन कोप्यांमध्ये आग पसरणार नाही इतके अंतर असावे आणि चूल बाहेर असावी. वीटभट्टीवरील मजुरांनाही हेच लागू आहे. एवढी व्यवस्था होते किंवा नाही हे पाहणे संबंधित गावाच्या ग्रामपंचायतीला अशक्य नाही.

ग्रामपातळीवरील कार्यक्रम

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघरी सारवण, रंगरंगोटी व डागडुजी होतच असते. त्याच कामाला थोडे वळण दिल्यास वेगळी मोहीम राबविण्याची गरज पडणार नाही. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

ऑक्टोबरमध्ये भिंती वाळविणे, गळती व भेगा बुजविणे ही कामे पूर्ण व्हावीत. नोव्हेंबरच्या प्रारंभी ग्रामपंचायतीने पत्र्याची व कुडाची घरे, एकटे वृद्ध, गरोदर स्त्रिया व नवजात अर्भके असलेली कुटुंबे यांची यादी करावी. त्याच महिन्यात शाळा, अंगणवाड्या व आश्रमशाळांच्या फुटलेल्या तावदानांची व मोडक्या दारांची दुरुस्ती करून घ्यावी. आश्रमशाळांत मुले फरशीवर निजत असल्यास अंथरुणांची मोजदाद करावी. डिसेंबर व जानेवारीत हवामान विभागाचा इशारा येताच तो दवंडीने किंवा ध्वनिक्षेपकावरून कळवावा व शेगडीविषयीची सूचना त्यासोबत अवश्य द्यावी.

शिक्षकांना या कामी मोठा वाटा उचलता येईल. उदबत्तीने फटी शोधणे, डिसेंबरमध्ये खिडकीच्या उन्हाची लांबी मोजणे, पत्र्याच्या व मातीच्या खोलीतील पहाटेचे तापमान नोंदवून तुलना करणे हे प्रयोग मुले आनंदाने करतील. मुलांनी स्वतः मोजलेली गोष्ट घरी सांगितली म्हणजे ती भाषणापेक्षा लवकर पटते.

थंडीची लाट थांबविणे कोणाच्याही हाती नाही. परंतु फट बुजविणे, तट्टा बांधणे, ऊन आत घेणे आणि निजण्यापूर्वी शेगडी विझविणे या गोष्टी प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहेत. ज्या कुटुंबाची ऐपत नाही, तेथे हा भार गावाने उचलावा. दिवाळीचे दिवे विझण्यापूर्वी एवढे काम उरकले, तर पौषातील पहाट गावातील दुर्बळातील दुर्बळ घरालाही सुसह्य होईल.