शस्त्र उचलण्याआधी



२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला. नरिमन हाऊसमध्ये यहुदी धर्मगुरू गॅव्रिएल होल्त्झबर्ग व त्यांची पत्नी रिव्का मारले गेले. चिमुकल्या मोशेला दाई सँड्रा सॅम्युएल यांनी वाचवले. तेव्हा अनेकांच्या तोंडी एकच होते, ‘ठोकून काढा.’ ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० जणांना मारले, तेव्हाही तेच.

आपली धर्मशिकवण (परिच्छेद २३०९) स्वसंरक्षण नाकारत नाही. पण इतर उपाय थकलेले असावेत आणि शस्त्रांनी होणारे अनिष्ट मूळ अनिष्टाहून मोठे नसावे, असे ती सांगते. ही दुसरी अट पारावर कोणी काढत नाही.

गाझात हजारो मुले मेली. पोप फ्रान्सिस तिथल्या ज्या चर्चला जवळजवळ रोज फोन करीत, त्यावर १७ जुलै २०२५ रोजी तोफगोळा पडला. तिघे गेले. इस्रायलने चूक झाली म्हटले.