गिअरचा दांडा कापावा का?

प्रश्न : माझ्या गाडीचा गिअर फार लांब पडतो. दांडा कापून आखूड केला तर चालेल का?
– एक वाचक, शिंदखेडा

उत्तर : अहो, आधी करवत खाली ठेवा! दांडा म्हणजे तरफ. टेकूच्या वर तो ३० सें.मी. असेल आणि तुम्ही ६ सें.मी. कापलात, तर मुठीची १० सें.मी.ची हालचाल ८ वर येते. पण जोर सव्वापट लागतो. दोंडाईच्याच्या बाजारात, गर्दीत सारखा पहिला-दुसरा करताना ते मनगटाला कळेल.

बऱ्याचदा दोष लांबीचा नसतोच. गाडी बंद करून, हँडब्रेक ओढून गिअर टाका आणि दांडा हलवून पाहा. लुळा डुलला, तर केबलच्या टोकाचे बुश झिजलेले असू शकतात. आधी ते बदला. तरीही हौस असेलच, तर मूळ दांडा जपून ठेवा अन् दुसऱ्यावर प्रयोग करा.